कावळा कुणाच्या शब्दाला शिवला

अक्का,

दहाव्याला नदीकाठी तुमच्यावर तीन जणांनी भाषणं केली. एक सरपंच, एक सोसायटीचे चेअरमन आणि एक कोणी पुढारी, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. माईकची खरखर चालली होती. तिघांनीही तुम्हाला सोशिक म्हटलं. पुढाऱ्यांनी तर तुमचं नावही चुकवलं, मागून कुणीतरी सांगितलं तेव्हा सुधारून घेतलं. तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात आणि मला कोपरानं ढोसून म्हणाला असतात, "इंदे, सोशिक म्हंजी काय गं? जिला कुणी इचारत न्हाई ती?"

असलं मला आता कोणी म्हणत नाही.

भाषणं झाली, पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरेना. दादांनी नवरा म्हणून हात जोडून सांगितलं, पोरांना अंतर देणार नाही. कावळा आला नाही. आत्याबाई सासू असून वाकून म्हणाल्या, तुझ्या बाळूला मी माझ्या पोटाशी धरीन. तरी नाही. ऊन चढलं. पंगती अडल्या होत्या, लोक चुळबुळ करायला लागले. मग वन्सं पुढे झाल्या. आपली नणंद कशी आहे तुम्हाला ठाऊकच आहे, अडलेलं काम तिला बघवत नाही. तिनं मोठ्यानं सांगितलं, "वैनी, तुझा जीव मंगलमधी आडकलाय. वर्साच्या आत मी तिला माझ्या संतोषला करून नेते. आता शीव बाई."

एवढं बोलून वन्सं मागं सरल्या आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. वैनीनं कौल दिला, असं म्हणत माणसं जेवायला वळली. घरात मौत झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपली रीत. त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी मंगलकडे बघितलं. तुमची मंगल, नुकती बारावी झालेली, नर्सिंगचा फॉर्म भरून बसलेली. ती पिंडाकडे बघत नव्हती. स्वतःच्या पायाकडे बघत होती.

पण अक्का, त्याच वेळेला मी बायकांच्या मागं उभी राहून मनात एक गोष्ट बोलत होते. बारा वर्षं माझ्या तोंडातून निघाली नव्हती ती. मी म्हणत होते, अक्का, मी तुमचं सांगितलं, मला माफ करा. हे म्हणून मी डोळे उघडले आणि कावळा पिंडावर होता.

तो वन्संच्या शब्दाला शिवला की माझ्या, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

घरात मला मुकी म्हणतात. तुम्हीही थट्टेनं म्हणायचात. माझी चौथी झाली आहे, अक्षर बरं आहे, पण चार माणसांत शब्द फुटत नाही. म्हणून मंगलच्या वहीची मागची पानं घेतली आहेत. दुपारी सगळे रानात गेले की लिहिते.

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. पण थोरल्याची बायको म्हणून मी तुम्हाला अक्का म्हणायचं आणि मान द्यायचा. तुमचं माहेर घोडेगावच्याही वर, तळेघरच्या रस्त्याला, त्यामुळे चालणं डोंगरातलं. रानात जाताना मला तुमच्या मागं पळावं लागायचं. मंगल झाली, मग दोन वर्षांच्या आत कविता झाली. कविताच्या वेळी तुमचं लई रक्त गेलं. उभं राहिलं की भिंत धरायचात. मला आधी विकास होता, नंतर मुलगी झाली, आणि एक दिवस यांनी मला सांगितलं की बुधवारी कॅम्प आहे, तुझं ऑपरेशन करून घेऊ. मला कोणी विचारलं नाही, पण मला बरंच वाटलं. सुटले म्हटलं.

टाके ओले असताना तुम्ही शेजारी येऊन बसलात. म्हणालात, "तुझं का? भाऊजींचं का न्हाई? नर्सबाई म्हणती, गड्याचं लई सोपं आसतंय, दोन दिसांत हिंडाया लागतो."

मी म्हटलं, त्यांना औत धरायचं असतं.

"आन आपण काय झोपाळ्यावर बसतो व्हय?"

हसून हसून माझे टाके दुखले. पण नंतर ते मनात राहिलं. मला मुलगा होता म्हणून मला थांबता आलं. तुम्हाला दोन मुली होत्या म्हणून तुमचं थांबणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

त्याच दिवसांत आपली जर्सी व्यायली होती. डॉक्टर गाय भरवायला आले तेव्हा मामंजींनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, रोड झालीय, जरा अंग धरू द्या तिला, दोन महिन्यांनी बघू. तुम्ही बादली घेऊन तिथंच उभ्या होतात. आत येताना हळूच म्हणालात, "मामंजींना गाईचं कळतंय बघ." बाकी काही नाही. बादली ठेवली आणि चुलीपुढं बसलात.

मग जुन्नरचा दिवस. माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि बांगड्या भरायच्या म्हणून आत्याबाईंनी आपल्या दोघींना पाठवलं. बाजाराच्या बोळात हिरव्या बांगड्या भरल्या. मग तुम्ही मला सांगितलं की सरकारी दवाखान्यात जायचंय, तांबी बसवायला. मी म्हटलं, दादांना विचारलं का? तुम्ही म्हणालात, "तू नुस्ती पायरीवर बस. पिशवी सांभाळ." मी बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाठ करून बसले. तुम्ही आत गेलात आणि अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर आलात. डोळे लाल होते. मला वाटलं, दुखलं असेल.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात आणि बोलत सुटलात. आतल्या सिस्टरनं तुम्हाला विचारलं होतं, कुणी पाठवलं म्हणून आलीस, की तुझी स्वतःची इच्छा आहे? "इंदे, आजपतुर मला भूक लागली का म्हणून बी कुणी इचारलं न्हाई. आन ती बाई म्हणती, तुझी मर्जी हाय का? मला रडूच फुटलं." मग म्हणालात, "मंगी-कवीला बी आसं कुणीतरी इचाराया पायजे गं. समद्याच गोष्टींचं."

मी तेव्हा तुमच्याशी वाद घातला. मी कधी कुणाशी वाद घालत नाही, तुमच्याशीच घालायचे. म्हटलं, नवऱ्याला न सांगता असलं करणं बरं नाही. पोर दोघांचं असतं.

"आसू दे की दोघांचं. मग निम्म्या कळा त्यांनी द्याव्या."

म्हटलं, तसं नाही अक्का, पण त्यांना फसवल्यासारखं होतं.

तुम्ही म्हणालात, "मी न्हाई म्हणत न्हाई. तीन वर्सं मागतेय. अंगात रक्त येऊ दे, मंग बघू. हेच तोंडानं मागितलं आसतं तर दिलं आसतं का त्यांनी? तूच सांग."

तेवढ्यात नारायणगाव आलं. गाडी बदलायच्या धांदलीत तो वाद अर्धा राहिला. मी अजून त्याचं उत्तर शोधते. दादा वाईट नाहीत. त्यांनी तुमच्यावर कधी हात उचलला नाही, बाजारातून भेळ आणली तर तुमच्या वाटची वेगळी ठेवायचे. मागितलं असतं तर दिलं असतं का? मला वाटतं, त्यांनी आईला विचारलं असतं. आणि आई नाही म्हणाली असती.

दोन वर्षं गेली. तुमच्या गालावर रंग आला. आणि आत्याबाईंचे उपास वाढले. दर रविवारी खंडोबाचा उपास, अनवाणी चालणं, कुठल्या बाईकडून आणलेली औषधाची मुळी. तुम्ही ती मुळी दुधातून गप प्यायचात आणि माझ्याकडे न बघता पेला खाली ठेवायचात. मला दोघींचंही वाईट वाटायचं. आत्याबाईंच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, मी मेण लावून द्यायचे. मला माहीत होतं की ह्या चालण्यानं काही होणार नाही, आणि मी मेण लावत होते. घरात हळूहळू दादांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघायला लागली, ती आपण दोघी भाकरी थापता थापता ऐकायचो.

मग माझी माहेरची चुलती आली. बिचारीच्या मनात काही नव्हतं. चहा पिताना म्हणाली, त्या दिवशी तुम्ही जावा जुन्नरला दवाखान्याच्या पायऱ्यांशी दिसला होतात, मी हाक मारली पण ऐकू गेली नसावी, कुणाचं दुखत होतं?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आत्याबाईंनी देव्हाऱ्यातली पितळेची ताटली खाली घेतली, त्यात बेलाचं पान ठेवलं, भंडारा ओतला आणि मला समोर बसवलं. बेलभंडारा हातात घेऊन खोटं बोललेलं घरावर उलटतं, हे मी माझ्या आईच्या मांडीवर शिकले होते. त्या दिवशी माझा विकास गोवरानं पडलेला होता, उशाला लिंबाचा पाला ठेवलेला.

त्या म्हणाल्या, "नुस्त्या बांगड्या भराया गेलो व्हतो येवढं म्हण, आन भंडारा उचल. न्हाईतर खरं सांग."

विचार करायला पाण्याचा तांब्या भरेल एवढाही वेळ नव्हता. माझा हात ताटलीपर्यंत गेला. पलीकडे विकास खोकला. मी एकच शब्द बोलले, तांबी.

तुम्ही दारात होतात, धारेची बादली हातात घेऊन. मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही विकासजवळ गेलात, त्याच्या कपाळाला हात लावलात, म्हणालात, "ताप उतरलाय." आणि धार काढायला गेलात.

तिसऱ्या दिवशी दादा आणि आत्याबाई तुम्हाला तांबी काढायला एका दवाखान्यात घेऊन गेले. त्या गावाचं नाव लिहीत नाही. स्टँडकडे जाताना तुम्ही पुढं आणि ते दोघं मागं होते, तुमच्या चालीला त्यांना गाठता येत नव्हतं. हातात जुन्नरच्या बांगड्यांतल्या चार उरल्या होत्या.

वर्ष भरायच्या आत तुम्हाला दिवस गेले. आणि मुलगा झाला. आठव्या महिन्यात, दोन बाटल्या रक्त चढवून, पण झाला. सगळं गाव जेवलं. बारशाला आत्याबाईंनी मला साडी दिली, जांभळी, काठाची. सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिच्या खऱ्या बोलण्यानं घराला दिवा लागला. मी साडी हातात घेऊन उभी. तुम्ही बाळूला पाजत होतात. मान वर न करता म्हणालात, "नेस की. रंग शोभंल तुला."

ती घडी मी अजून मोडलेली नाही.

तुम्ही बाळूवर जीव टाकलात. मला तेच कळायचं नाही. तो मांडीवर चढून तुमचं नाक ओढायचा, तुम्ही खोटं रडायचात, आणि मला वाटायचं, मी वाईट काय केलं? मी गप्प बसले असते तर हा कुठं असता? मग तुम्ही उठताना जमिनीला हात टेकायचात आणि मला वाटायचं, मी हे काय करून ठेवलं. बाळंतपणानंतर तुमचं अंग बाहेर यायला लागलं. हे फक्त मला माहीत होतं. फडकं बांधून तुम्ही कांदे काढलेत, टोमॅटो तोडलेत, डोक्यावर वैरण आणलीत. ती फडकी मी धुवायचे, माझ्या कपड्यांत घालून, आणि वाळत घालताना वर टॉवेल टाकायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. दर वर्षी हंगामानंतर करू असं ठरायचं. हंगाम संपला की दुसरा लागायचा. गाईला मात्र दर वेळी वेळेवर दोन महिने मिळाले.

एकदाच मी धीर केला. टोमॅटोची तोडणी चालली होती, आपण दोघीच एका सरीत होतो. मी म्हटलं, अक्का, त्या रविवारी मी... तुम्ही सरळ झालात, कमरेवर हात ठेवलात आणि म्हणालात, "कॅरेट धर तिकडून." मी धरलं. आपण ते टोमॅटोनं भरलेलं कॅरेट बांधावर नेऊन ठेवलं आणि तुम्ही पुढच्या सरीत शिरलात.

मी त्याचा अर्थ लावला की माफी नाही. म्हणून परत कधी विचारलं नाही.

शेवटी तापाचं निमित्त झालं. अंगात रक्तच नव्हतं, डॉक्टर म्हणाले, ताप झेपला नाही. तीन दिवस दवाखान्यात तुमच्या उशाशी मीच होते. तुम्ही काय काय बोललात ते सगळं मला पाठ आहे, कारण ते फार थोडं होतं. पाणी मागितलंत. धार काढली का विचारलंत. आणि दुसऱ्या दिवशी म्हणालात, "बांगड्या काढ गं, हात सुजलाय." मी साबण लावून एक एक बांगडी उतरवली. तुमचा हात माझ्या हातात होता. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात सिस्टर सुई लावायला आल्या. मी मनात म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सांगायला तुम्ही नव्हता.

मंगलबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. एक शब्दही नाही. हे मी इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार नाही आणि बोलणार नाही.

आता पुढचं ऐका. दहाव्याहून घरी आल्यावर ओसरीवर बैठक बसली. वन्सं, त्यांचे मालक, दादा, आमचे हे, मामंजी. साखरपुडा कधी करायचा यावर बोलणं चाललं होतं. मी दाराआड उभी होते. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "अक्का तसं म्हणाल्या नव्हत्या."

सगळे वळले. हे म्हणाले, तू गप, तुला काय कळतंय. पण वन्संनी ऐकलं होतं. "मंग काय म्हणली व्हती?"

मी म्हटलं, "दवाखान्यात म्हणाल्या, मंगलला इचारल्याबिगर तिचं काही ठरवू नका."

"आन कावळा? त्यो उगाच शिवला व्हय?"

वन्सं म्हणाल्या, तूच एकटी तिच्यापाशी होतीस, तर मग उचल भंडारा. आत्याबाईंनी मध्येच थांबवलं. सुतकात देवाला शिवायचं नाही. तेराव्याला देव धुवू, मग बघू.

म्हणजे या वेळी मला तीन दिवस मिळाले.

अक्का, ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. विकास आता मोटरसायकल चालवतो. कळंबच्या वळणावर वेग कमी करत नाही, किती वेळा सांगितलं तरी. त्याची गाडी दिसेपर्यंत मी अंगणातून हलत नव्हते. मनात यायचं, जाऊन सांगावं की मला नीट आठवत नाही. कोण काय म्हणणार होतं? मुकीच आहे.

बाराव्या दिवशी वन्सं स्वयंपाकघरात आल्या. रागानं नाही आल्या. माझ्या शेजारी बसून लसूण सोलायला लागल्या. म्हणाल्या, "इंदू, माझा संतोष काय वाईट हाय का गं? दारू न्हाई, काय न्हाई. बिनआईची पोर परक्याच्या घरात जाण्यापरीस आत्याच्या घरात बरी न्हाई का?" आणि रडल्या. त्या तुमच्यासाठी खरंच रडत होत्या, अक्का. संतोष चांगला मुलगा आहे, हे मलाही माहीत आहे. कदाचित दोन वर्षांनी मंगल स्वतःच त्याला हो म्हणेल. मला वन्संना सांगायचं होतं की प्रश्न संतोषचा नाही. पण एवढं मोठं वाक्य मला जमलं नाही. मी म्हटलं, लसूण पुरे झाला.

तेराव्याला देव धुतले, नैवेद्य झाला. आत्याबाईंनी तीच पितळेची ताटली खाली घेतली. आता त्यांचा हात थरथरतो, थोडा भंडारा जमिनीवर सांडला. मी बसले. विकास कुठं आहे ते बघितलं. तो उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होता. मी बेल आणि भंडारा उचलला, मूठ मिटली आणि म्हणाले, "अक्का म्हणाल्या, मंगलला इचारल्याबिगर तिचं काही ठरवायचं न्हाई."

आत कुठंतरी ताट पडलं. बाकी काही झालं नाही.

आत्याबाईंनी ताटली माझ्यापुढून उचलली, देव्हाऱ्यात ठेवली आणि तिकडंच तोंड करून म्हणाल्या, "माझी आठ बाळंतपणं झाली. येकदाबी कुणी इचारलं न्हाई." मग वळून दादांना म्हणाल्या, "इचार पोरीला."

दादांना विचारता येईना. त्यांनी आयुष्यात कधी कुणा बाईला असं विचारलं नसेल. दोनदा घसा खाकरला, जमिनीकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "मंगल, तुझं काय म्हणणं हाय?"

मंगल खांबाला टेकून उभी होती. मला वाटलं, ही पण माझ्यासारखीच मुकी निघाली. मग ती म्हणाली, "मला नर्सिंगला जायचंय. वर्षात न्हाई झालं तर तीन वर्सं थांबायचं ना? थांबू की. कोर्सबी तेवढ्याचाच हाय."

मामंजी हसले, अक्का. तेराव्याच्या दिवशी. तुमची पोर आहे असं म्हणून हसले आणि मग पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसले. वन्सं जेवून गेल्या. मंगलला शंभराची नोट दिली, जवळ घेतलं. माझ्याशी बोलल्या नाहीत. अजून बोलत नाहीत.

हळदीचा पिवळा हात मी तीन वेळा धुतला. आता रोज स्वतःला विचारते, ते खोटं होतं का? दवाखान्यात तुम्ही तसं म्हणाला नव्हता, म्हणजे खोटंच. पण चौदा वर्षांपूर्वी जुन्नरच्या गाडीत म्हणाला होतात, आणि तेव्हा तुम्ही जेवढ्या शुद्धीत होतात तेवढं मी कुणाला कधी पाहिलं नाही. पहिल्यांदा मी देवाला भिऊन खरं बोलले आणि तुमच्या अंगावरचा तुमचा हक्क माझ्या हातानं गेला. या वेळी भीत भीतच खोटं बोलले. देव कशाला खरं धरतो, मला ठाऊक नाही. विकास बाहेर गेला की माझा जीव अजून वर-खाली होतो. ते काही सुटलेलं नाही. बहुतेक सुटणार नाही.

काल मंगल आणि मी तोडणीला गेलो होतो. पुढच्या आठवड्यात तिला होस्टेलला जायचंय. दोघीच होतो, तुमच्या सरीत. तोडता तोडता हात थांबवून ती म्हणाली, "काकी, आई खरंच आसं म्हणली व्हती, दवाखान्यात?"

मी सरळ झाले. तिच्याकडे बघितलं. हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं, आणि जे खरं होतं ते सांगायचं तर जुन्नरपासून सगळंच सांगावं लागलं असतं. तुमची तांबी, माझा भंडारा, बाळू कसा झाला ते. त्या पोरीला अजून रडू आवरत नाही.

मी म्हटलं, "कॅरेट धर तिकडून."

तिनं धरलं. बारा वर्षं मी समजत होते की तुम्ही मला माफ केलं नाही. तुमच्याकडेही त्या दिवशी दुसरं वाक्य नसेल, हे मला काल कळलं. कॅरेट जड होतं. अर्ध्या वाटेत मंगल थांबली, हात बदलायला. मी पण थांबले.